नावापाठोपाठ जहाज: ऑस्ट्रेलियात हद्दपार झालेल्या आयरिश कैद्यांचा माग

ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश वसाहतींच्या सरकारी दप्तरात हद्दपार कैद्याची नोंद केवळ नावाने होत नसे. नावापाठोपाठ तो ज्या जहाजातून आला त्या जहाजाचे नाव आणि पुष्कळदा तो पोचल्याचे वर्षही लिहिले जाई, आणि पुढे लग्नाची परवानगी मागताना, माफीचा अर्ज करताना किंवा पुन्हा न्यायालयापुढे उभे राहताना हे जहाज त्या माणसाची पाठ सोडत नसे. या रिवाजामागे कारकुनांची निव्वळ व्यवहारी गरज होती. आयर्लंडमधील कॅथलिक कुटुंबांत जॉन, पॅट्रिक, मायकेल, मेरी, ब्रिजेट अशी मोजकीच नावे पिढ्यानपिढ्या फिरत राहत आणि केली, मर्फी, रायन, सलिव्हन ही आडनावे काउंटी म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रत्येक विभागात शेकड्यांनी आढळत, त्यामुळे वसाहतीत एकाच वेळी अनेक जॉन केली आणि अनेक मेरी मर्फी वावरत असत व त्यांना एकमेकांपासून वेगळे काढण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय जहाज हाच होता. एकाच जहाजाने अनेक फेऱ्या केल्या असतील तर त्याच्या नावापुढे कितवी फेरी तेही नोंदवले जाई. दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या आयरिश कैद्याचा शोध घेणाऱ्या वंशजाला किंवा अभ्यासकाला आजही तोच प्रश्न आधी सोडवावा लागतो. माणसाचे नाव आणि गाव ठाऊक असले तरी जहाज ठाऊक नसेल तर चुकीच्या माणसाच्या मागे लागण्याचा धोका फार मोठा असतो.

गुन्हेगारांना समुद्रापार धाडण्याची पद्धत ब्रिटनने ऑस्ट्रेलियासाठी शोधून काढली नव्हती. १७१८ च्या कायद्याने ही शिक्षा अमेरिकेतील वसाहतींसाठी रुळली होती. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाने तो मार्ग बंद झाला, तुरुंग आणि बंदरांत नांगरलेली जुनी जहाजे कैद्यांनी भरून गेली, आणि जानेवारी १७८८ मध्ये कैद्यांचा पहिला तांडा सिडनीच्या किनाऱ्याला लागला. तेव्हापासून १८६८ पर्यंत सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात उतरवले गेले, त्यांत सुमारे २५,००० स्त्रिया होत्या. न्यू साउथ वेल्स वसाहतीकडे जाणारा ओघ १८४० मध्ये थांबला, व्हॅन डिमेन्स लँड म्हणजे आजच्या टास्मानियाकडे जाणारा १८५३ मध्ये, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात शेवटचे कैदी-जहाज १८६८ च्या आरंभी फ्रीमँटल बंदरात शिरले. त्या ‘हूगूमाँट’ जहाजावर ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या फेनियन चळवळीचे ६२ आयरिश राजबंदी होते. मराठी वाचकाला काळ्या पाण्याची शिक्षा अंदमानामुळे परिचित आहे, आणि अंदमानातील कैद्यांची वसाहत १८५८ मध्ये म्हणजे ऑस्ट्रेलियाकडील हद्दपारी संपत आली असताना उभी राहिली, ही एकाच साम्राज्याच्या धोरणातील सलगता लक्षात घेण्याजोगी आहे.

आयर्लंडच्या बंदरांतून थेट पाठवलेल्या कैद्यांची संख्या सुमारे ४०,००० भरते. त्याशिवाय लिव्हरपूल, मँचेस्टर किंवा लंडन येथे पोटापाण्यासाठी गेलेले आणि तिथल्याच न्यायालयात शिक्षा झालेले आयरिश लोक वेगळे. त्यांची नावे इंग्लंडच्या दप्तरात सापडतात, आयर्लंडच्या दप्तरात नाही, आणि हा भेद ध्यानात न घेतल्याने कित्येक शोध वर्षानुवर्षे भलत्याच पुराभिलेखागारात अडकून पडतात.

हे कैदी कोण होते याविषयी दोन परस्परविरोधी समजुती दीर्घकाळ नांदल्या. एका समजुतीनुसार ते सगळे सराईत चोर होते, तर दुसरीनुसार ते सगळे इंग्रजी सत्तेविरुद्ध उभे राहिलेले देशभक्त होते. १७९८ च्या उठावानंतर अनेक बंडखोर सिडनीला पाठवले गेले हे खरे, मार्च १८०४ मध्ये कॅसल हिल येथे फिलिप कनिंगहॅम याच्या नेतृत्वाखाली आयरिश कैद्यांनी उठाव केला हेही खरे, आणि १८४८ च्या फसलेल्या बंडानंतर विल्यम स्मिथ ओब्रायन, जॉन मिचेल, थॉमस फ्रान्सिस मार यांसारखे पुढारी व्हॅन डिमेन्स लँडमध्ये ठेवले गेले हेही सर्वश्रुत आहे. परंतु बहुसंख्य आयरिश कैदी गाय, मेंढी, डुक्कर, कापड किंवा रोकड यांच्या चोरीसाठी गेले. १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावरील रोगाने दुष्काळ पडला तेव्हा मेंढ्या आणि गुरे चोरणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. या दोन टोकांच्या मध्ये एक मोठा प्रदेश आहे आणि तिथे गुन्ह्याचे नाव वाचून माणसाविषयी निष्कर्ष काढणे घातक ठरते. उदाहरणार्थ, यादीत गुन्ह्याच्या रकान्यात ‘इन्सरेक्शन अ‍ॅक्ट’ असे लिहिलेले असले तर तो माणूस शस्त्र घेऊन लढला असे समजण्याचे कारण नाही. या कायद्याखाली अशांत म्हणून जाहीर केलेल्या भागात सूर्यास्तानंतर घराबाहेर आढळणे एवढेही सात वर्षांच्या हद्दपारीला पुरेसे होते आणि खटला ज्यूरीविना चाले. तसेच ‘व्हाइटबॉय’ हा शब्द गुप्तपणे रात्री एकत्र येऊन खंड, चर्चचा दशांश कर आणि जमिनीवरून हुसकावणे यांना विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी वापरला जाई. भूक आणि बंड यांची सीमारेषा त्या काळच्या आयर्लंडमध्ये नेमकी कुठे होती हे न्यायाधीशांनाही सांगता आले नसते, मग आजच्या वंशजाने एका शब्दावरून पूर्वजाला नायक किंवा चोर ठरवू नये हेच बरे.

आयरिश कैद्याचा शोध इंग्लिश कैद्याच्या शोधापेक्षा कठीण होण्याचे सर्वांत मोठे कारण ३० जून १९२२ या दिवशी घडले. डब्लिनमधील फोर कोर्ट्स या न्यायालयीन संकुलात आयर्लंडचा सार्वजनिक दप्तरखाना होता. यादवी युद्धाच्या पहिल्याच लढाईत त्या इमारतीत स्फोट झाला, आग लागली आणि सात शतकांचे कागद जळाले, त्यांचे करपलेले तुकडे वाऱ्याने शहरभर उडाले. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची बहुतेक सर्व मूळ पत्रके, न्यायालयांची कामकाजपत्रे, मृत्युपत्रे आणि १८३६ पूर्वीची हद्दपारीची नोंदणी-पुस्तके त्यात नष्ट झाली. कैद्यांच्या बाबतीत वाचले ते दुसरीकडे होते म्हणून. आयर्लंडचा कारभार पाहणाऱ्या मुख्य सचिवाच्या कचेरीचे कागद डब्लिन कॅसल या किल्ल्यात ठेवलेले होते, आणि त्यांत १८३६ पासूनची हद्दपारीची पुस्तके व अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनचे कैद्यांचे दयेचे अर्ज होते. ऑस्ट्रेलियातील वसाहतीला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने १९८८ मध्ये आयर्लंडच्या सरकारने या कागदांच्या सूक्ष्मफिती आणि संगणकीय सूची ऑस्ट्रेलियाच्या जनतेला भेट दिल्या. ज्यांचे पूर्वज बेड्या घालून पाठवले गेले त्या जनतेला त्याच बेड्यांचे कागद परत देणारी ही भेट होती, आणि दोन राष्ट्रांच्या इतिहासात याहून उचित भेट सहसा दिसत नाही.

आयर्लंडकडील बाजू अशी विस्कळीत झाल्याने शोधाची दिशा उलटी ठेवावी लागते: जन्मापासून मृत्यूकडे न जाता मृत्यूपासून जन्माकडे. ऑस्ट्रेलियातील जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी टास्मानियात १८३८ मध्ये, व्हिक्टोरियात १८५३ मध्ये आणि न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ मध्ये सुरू झाली. यांपैकी टास्मानियातील जुनी नोंद त्रोटक आहे, पण व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स यांचा मृत्यूचा दाखला फार बोलका असतो, कारण त्यात मृताच्या आईवडिलांची नावे, आईचे माहेरचे आडनाव, जन्मस्थान, विवाह कुठे व कोणाशी झाला, मुलांची नावे व वये, आणि मृत व्यक्ती कोणत्या वसाहतीत किती वर्षे राहिली याचाही रकाना असे. हा शेवटचा रकाना शोधकाला पोचण्याचे वर्ष अंदाजाने काढून देतो, आणि पोचण्याच्या वर्षावरून जहाजापर्यंत जाता येते. मात्र दाखल्यातील माहिती मृताने दिलेली नसते, ती त्याच्या मागे उरलेल्याने दिलेली असते, आणि माहिती देणारा आयर्लंड कधीही न पाहिलेला मुलगा असेल किंवा बापाची शिक्षा लपवू पाहणारी मुलगी असेल तर रकाने कोरे राहतात किंवा मुद्दाम चुकीचे भरले जातात. कैदी पूर्वज हा कलंक मानण्याची वृत्ती ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होती. व्हॅन डिमेन्स लँडने तर १८५६ मध्ये आपले नावच बदलून टास्मानिया असे घेतले, त्यामागेही हद्दपारीची आठवण पुसण्याची इच्छा होती.

जहाज निश्चित झाले की शोधक ‘इंडेंट’कडे वळतो. इंडेंट म्हणजे जहाजातील कैद्यांची अधिकृत यादी, जिच्या आधारे वसाहतीच्या गव्हर्नरच्या ताब्यात कैद्यांची श्रमशक्ती कायदेशीररीत्या सोपवली जाई. आरंभीच्या याद्यांत नाव, शिक्षा झाल्याचे ठिकाण व तारीख आणि मुदत याहून फारसे काही नसे, आणि आयर्लंडहून आलेल्या सुरुवातीच्या जहाजांच्या बाबतीत तेही वेळेवर आले नाही. आयर्लंडहून थेट निघालेले पहिले जहाज ‘क्वीन’ सप्टेंबर १७९१ मध्ये सिडनीला पोचले, पण त्यावरील कैद्यांचे कागद बरोबर आले नाहीत, आणि पुढे आलेल्या काही आयरिश जहाजांची तीच गत झाली. सात वर्षांची शिक्षा भोगून झालेल्या माणसाला मुदत संपल्याचा पुरावा देता येईना आणि गव्हर्नरला ती संपल्याचे मान्य करता येईना. ज्या सरकारने कागदाच्या जोरावर माणसे जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवली त्याच सरकारच्या हलगर्जीपणाने त्या माणसांचे स्वातंत्र्य अडकून राहिले. तत्कालीन आयरिश कैद्यांतील असंतोषाचे हे एक अतिशय रास्त कारण होते आणि केवळ उपद्रवी वृत्ती म्हणून त्याची बोळवण करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पत्रांवर विश्वास ठेवताना हे विसरता कामा नये.

१८२० च्या दशकाच्या अखेरीपासून मात्र इंडेंट छापील होऊ लागला आणि त्यातील एकेक ओळ म्हणजे छोटे चरित्रच बनली. वय, धर्म, वाचता किंवा लिहिता येते का, विवाहित की अविवाहित, मुले किती, मूळ गाव किंवा काउंटी, धंदा, गुन्हा, खटल्याचे ठिकाण व तारीख, मुदत, पूर्वीच्या शिक्षा, आणि त्यानंतर उंची, वर्ण, केसांचा व डोळ्यांचा रंग आणि अंगावरील खुणा असे रकाने त्यात ओळीने येतात. देवीचे व्रण, तुटलेले बोट, कपाळावरची जखम हे कारकुनाने पळून गेलेल्याला ओळखता यावे म्हणून लिहिले होते. पण शोधकाला सर्वांत उपयोगी पडतात ती गोंदणे. दंडावर गोंदलेल्या आद्याक्षरांच्या जोड्या बऱ्याचदा बायकोची, आईची किंवा भावंडांची असत, आणि जळालेल्या जनगणनेने जी कुटुंबे पुसून टाकली त्यांची आद्याक्षरे अशा रीतीने सिडनी आणि टास्मानियातील होबार्ट येथील पुस्तकांत शिल्लक राहिली. मूळ गावाचा रकाना मात्र जपून वाचावा लागतो. आयरिश भाषा बोलणाऱ्या माणसाने सांगितलेले गावाचे नाव इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसे उतरवलेले असते, शिवाय बॅली आणि किल या अक्षरांनी सुरू होणारी गावे आयर्लंडमध्ये हजारोंनी आहेत.

कैदी उतरल्यानंतरच्या आयुष्याचा माग शिक्षेच्या टप्प्यांनुसार लागतो. न्यू साउथ वेल्समध्ये १८४० पर्यंत बहुतेक कैद्यांना खाजगी मालकांकडे कामाला लावले जाई, या पद्धतीला ‘असाइनमेंट’ म्हणत. व्हॅन डिमेन्स लँडमध्ये १८४० च्या सुमारास तिच्याऐवजी ‘प्रोबेशन’ पद्धत आली, तीत कैद्याने आधी सरकारी टोळीत रस्ते बांधणे, जंगल तोडणे अशी सक्तीची कामे करायची आणि वर्तन चांगले असल्यास क्रमाने सवलती मिळवायच्या अशी रचना होती. पुढचा टप्पा ‘तिकीट ऑफ लीव्ह’ हा परवाना. तो मिळाला की कैद्याला ठरावीक जिल्ह्यात स्वतःसाठी मजुरी करता येई, पण जिल्हा सोडता येत नसे. सात वर्षांच्या शिक्षेत साधारणपणे चार वर्षांनी, चौदा वर्षांच्या शिक्षेत सहा वर्षांनी आणि जन्मठेपेत आठ वर्षांनी हा परवाना मागता येई. मुदत पूर्ण झाल्यावर मुक्तीचा दाखला मिळे, आणि जन्मठेप झालेल्यांसाठी सशर्त माफी हा मार्ग होता, ज्यात वसाहतीत मोकळीक असली तरी मायदेशी परतण्यास मनाई असे. या प्रत्येक कागदाची स्थळप्रत सरकारकडे राही आणि प्रत्येकीवर जहाजाचे नाव असे. नोव्हेंबर १८२८ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये जनगणना झाली तेव्हा रहिवाशांच्या नावांपुढे ते स्वखुशीने आले, वसाहतीत जन्मले, मुदत भोगून सुटले की अजून सरकारी नोकर म्हणजे कैदी आहेत हे आद्याक्षरांत दाखवले गेले, त्यामुळे एका घरात राहणाऱ्या नवराबायकोंचा पूर्वेतिहास एका नजरेत दिसतो. पळून गेलेल्यांच्या याद्या सरकारी राजपत्रात वर्णनासह छापल्या जात, आणि जे सदैव आज्ञाधारक राहिले त्यांच्याविषयी शोधकाला सर्वांत कमी माहिती मिळते, तर ज्यांनी वारंवार नियम मोडले त्यांचे आयुष्य महिन्यामहिन्याच्या हिशोबाने उलगडते. टास्मानियाची वर्तनपुस्तके या दृष्टीने अपूर्व आहेत. दारू पिणे, मालकाला उलट बोलणे, रात्री बाहेर राहणे या क्षुल्लक अपराधांपासून फटक्यांच्या संख्येपर्यंत सर्व काही एका पानावर बारीक अक्षरांत दाटीने लिहिलेले असते. ऑस्ट्रेलियातील कैद्यांची ही दप्तरे २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट झाली.

या सर्व कागदांची गरज किती खरी असते हे एका प्रसिद्ध प्रकरणात दिसते. ऑस्ट्रेलियातील दंतकथा बनलेला दरोडेखोर नेड केली, जो ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात फासावर गेला, त्याचा बाप जॉन केली, टोपणनाव ‘रेड’, हा आयर्लंडच्या टिपरेरी काउंटीतून हद्दपार झालेला कैदी होता. मुलाची कीर्ती वाढत गेली तशा बापाविषयीही कहाण्या पसरल्या आणि त्यांत जमीनदारावर गोळी झाडणाऱ्या, अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाचे चित्र रंगवले गेले. कागद मात्र वेगळे बोलतात: १८४१ मध्ये दोन डुकरे चोरल्याबद्दल त्याला सात वर्षांची शिक्षा झाली, ‘प्रिन्स रीजेंट’ जहाजातून तो जानेवारी १८४२ मध्ये होबार्टला उतरला, १८४५ मध्ये त्याला परवाना मिळाला आणि १८४८ मध्ये मुक्तीचा दाखला. सात वर्षे ही शिक्षा सुनावल्याच्या तारखेपासून मोजली जात, वसाहतीत उतरल्याच्या तारखेपासून नव्हे, म्हणून १८४२ मध्ये उतरलेला माणूस १८४८ मध्ये मोकळा झाला; हा साधा नियम माहीत नसल्याने अनेक शोधक अशा ठिकाणी दोन वेगवेगळी माणसे कल्पून बसतात. त्यानंतर तो बासची सामुद्रधुनी ओलांडून पोर्ट फिलिप म्हणजे पुढच्या व्हिक्टोरियात आला आणि १८५० मध्ये मेलबर्नच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याने एलन क्विन हिच्याशी लग्न केले. एलनचे कुटुंब आयर्लंडच्या अँट्रिम काउंटीतून १८४१ मध्ये, म्हणजे रेड केलीला शिक्षा झाली त्याच वर्षी, सरकारी मदतीने स्वखुशीने स्थलांतरित झाले होते. त्यामुळे एकाच घरातील नवऱ्याचा माग कैद्यांच्या पुस्तकांतून आणि बायकोचा माग स्थलांतरितांच्या याद्यांतून काढावा लागतो. १८६५ मध्ये एव्हेनेल येथे जनावराचे कातडे बेकायदा बाळगल्याबद्दल रेड केलीला पुन्हा शिक्षा झाली आणि २७ डिसेंबर १८६६ रोजी तो वारला. मृत्यूची माहिती नोंदवायला गेला तो त्याचा मुलगा नेड, ज्याचे वय तेव्हा जेमतेम बारा वर्षांच्या आसपास होते.

बापाची शिक्षा व्हॅन डिमेन्स लँडमध्ये गेली. तरी १८७९ मध्ये नेडने साथीदाराला सांगून लिहवलेल्या प्रसिद्ध पत्रात आयरिश कैद्यांवरील जुलमाचा उल्लेख करताना नॉरफोक बेटासारख्या दुसऱ्या ठिकाणांचीही नावे येतात. घरात बापाने आपली हकीकत कितपत सांगितली होती हे यावरून ठरवता येत नाही, पण एका कुटुंबाची आठवण आणि एका समाजाची आठवण एकमेकींत कशी मिसळते हे स्पष्ट दिसते. दोन डुकरांची चोरी कळल्याने रेड केली लहान होत नाही. टिपरेरीतील भूमिहीन माणसाला दोन डुकरांच्या बदल्यात देश, आईबाप आणि भावंडे गमवावी लागत होती ही वस्तुस्थिती कोणत्याही काल्पनिक पराक्रमापेक्षा त्या व्यवस्थेविषयी अधिक सांगते.

आयर्लंडकडे परतण्याचा पूल बहुधा दयेच्या अर्जावरून जातो. शिक्षा झाल्यावर कैदी, त्याची बायको किंवा आईबाप आयर्लंडच्या लॉर्ड लेफ्टनंटला म्हणजे राजाच्या प्रतिनिधीला अर्ज करत; बहुसंख्य अर्जदार निरक्षर असल्याने तो गावातील शाळामास्तर किंवा पैसे घेऊन लिहिणारा लेखनिक लिहून देई. घडी घातलेल्या या कागदाच्या आतील बाजूस सुवाच्य अक्षरांत नम्र विनंतीचा ठरलेला मायना असतो, खाली अर्जदाराच्या नावाशेजारी फुलीची निशाणी असते, तिच्या खाली धर्मगुरू, जमीनदार किंवा शेजाऱ्यांच्या वेगवेगळ्या शाईतील सह्या असतात, आणि घडीच्या बाहेरच्या बाजूस डब्लिन कॅसलमधील कारकुनाने नाव, गुन्हा व मुदत यांचा सारांश लिहून खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाचे मत मागवलेले असते. निर्णय बहुतेक वेळा एका ओळीत संपतो: कायद्याला आपल्या मार्गाने जाऊ द्यावे. अर्ज फेटाळला गेला तरी मुलांची संख्या, बापाचे नाव, राहते गाव, जमीनदार कोण आणि धर्मगुरू कोण ही माहिती त्यात उरते, आणि जनगणना जळालेल्या देशात याहून मौल्यवान असे फार थोडे आहे. अर्थात लेखनिक मुलांची संख्या फुगवत आणि दारिद्र्याचे वर्णन ठरलेल्या शब्दांत करत, त्यामुळे आकड्यांपेक्षा नावांवर अधिक भरवसा ठेवावा.

गाव हाती लागल्यावरचे काम आयरिश वंशावळीच्या नेहमीच्या साधनांनी होते. आयर्लंडमधील सर्वांत लहान भूभागाला टाउनलँड म्हणतात आणि असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. १८२० आणि १८३० च्या दशकांतील दशांश कराची पुस्तके आणि १८४७ ते १८६४ दरम्यान झालेले ग्रिफिथचे जमीन मूल्यमापन यांत जमीन किंवा घर ताब्यात असणाऱ्यांची नावे टाउनलँडवार मिळतात. कॅथलिक चर्चची बाप्तिस्मा व विवाहाची पुस्तके आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली, पण अनेक ग्रामीण धर्मक्षेत्रांत ती १८२० किंवा १८३० च्या दशकाआधी जातच नाहीत. त्यामुळे १८०० च्या सुमारास जन्मलेल्या कैद्याच्या बाप्तिस्म्याची नोंद न मिळणे हे शोध चुकल्याचे लक्षण नसते. अशा वेळी त्याच्या मागून स्वखुशीने आलेल्या भावंडांचे कागद उपयोगी पडतात. रेड केलीची भावंडेही पुढे व्हिक्टोरियात आली होती.

इंडेंटमधील खटल्याच्या ठिकाणाच्या रकान्यात कधीकधी आयर्लंड किंवा इंग्लंड नसून भारत असतो, आणि इथे हा विषय महाराष्ट्राला येऊन भिडतो. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या युरोपियन पलटणींसाठी आयर्लंडमध्ये मोठ्या संख्येने भरती करत असे. मुंबई इलाख्याची जुनी युरोपियन पलटण तर १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स या आयरिश पलटणीचा भाग बनली. भारतातील छावण्यांत लष्करी न्यायालयाने वरिष्ठांवर हात उगारणे, फरारी होणे अशा गुन्ह्यांसाठी दोषी ठरवलेले गोरे सैनिक न्यू साउथ वेल्सला पाठवले जात, आणि त्यांच्यात आयरिशही होते. अशा कैद्याचे नाव डब्लिनच्या कोणत्याही सूचीत सापडत नाही. त्याचा माग लंडनमधील ब्रिटिश लायब्ररीत जपलेल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात लागतो.

स्त्री कैद्यांचा शोध आणखी एका कारणाने कठीण होतो, ते म्हणजे लग्नानंतर बदलणारे आडनाव. पॅरामाटा आणि होबार्टजवळील कॅस्केड्स येथील ‘फीमेल फॅक्टरी’ नावाच्या संस्थांत, ज्या एकाच वेळी तुरुंग, कार्यशाळा, प्रसूतिगृह आणि रोजगाराची जागा होत्या, अशी स्त्री जुन्या आडनावाने सापडते आणि मग एकाएकी दिसेनाशी होते. कैद्यांना लग्नासाठी गव्हर्नरची परवानगी घ्यावी लागे आणि त्या नोंदींत दोघांची नावे, वये, मुदत आणि जहाजे शेजारीशेजारी लिहिलेली असल्याने तीच तिची नवी ओळख सांगणारी जागा ठरते. काही अर्ज नामंजूर झालेले दिसतात, आणि कारण असे की अर्जदाराने जहाजातून उतरताना आपण विवाहित असल्याचे सांगितले होते. आयर्लंडमध्ये नवरा किंवा बायको जिवंत असावी आणि पुन्हा भेट होण्याची शक्यता जवळजवळ नसावी, अशा शेकडो संसारांची ही उरलेली निशाणी आहे.

काही संसार मात्र पुन्हा जुळले. वर्तन चांगले असलेल्या कैद्याला आपल्या बायकोमुलांना सरकारी खर्चाने बोलावण्याचा अर्ज करता येई. स्थानिक मॅजिस्ट्रेटने शिफारस केली की गव्हर्नर ती नावे पुढे पाठवी आणि आयर्लंडमधील अधिकारी त्या बाईचा शोध घेत. पती पत्ता कळवताना बहुधा गावाबरोबर टाउनलँड, धर्मक्षेत्र आणि ज्याच्यामार्फत निरोप पोचेल त्या धर्मगुरूचे नाव देई, कारण बायको हुसकावली जाऊन दुसरीकडे गेली असेल तर तिला शोधून देऊ शकणारा तो धर्मगुरूच एकटा असे. १८२८ ते १८५२ या काळातील हे कागद डब्लिनच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात आहेत. इंडेंटवर फक्त काउंटीचे नाव असलेल्या कित्येक कैद्यांचे नेमके गाव, त्यांनी स्वतः सांगितलेले, केवळ याच कागदांत सापडते.